जुंपण्याआधी : ट्रेलर ओढायचा तर हिच कोणता घ्यावा?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. दोन वर्षांपूर्वी फोर्ड एफ-१५० पिकअप घेतली. चार दारांची, साडेपाच फुटी बेडची (मागच्या उघड्या हौद्याची), ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनची. आता २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरतंय. रिकामा ५,६०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (भरल्यावर चालेल असं जास्तीत जास्त वजन) ७,४०० पौंड. जूनमध्ये नाशिकहून आई-बाबा येणार आहेत. मी, बायको, दोन मुलं आणि ते दोघं असे सगळे मिळून कोलोरॅडोत एस्टेस पार्कला जायचा बेत आहे. डीलर म्हणतो, ही गाडी ११,००० पौंड ओढते, साध्या बॉल माउंटवरही (नुसता लोखंडी गोळा असलेल्या जोडणीवरही) जाईल, हवं असेल तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावून देतो. ऑफिसातला मित्र म्हणतो, मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, एअरबॅग, बसव, काम झालं. मी नक्की कोणता हिच घेऊ?
– एक वाचक, फ्रिस्को, टेक्सस

उत्तर : हिचचं, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याचं, नाव सांगणारच आहे. पण त्याआधी खाली जाऊन गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारा, पिवळ्या पट्टीचा एक स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर छापलेलं असतं. तुमच्या पत्रात ११,००० आहे, ५,६०० आहे, ७,४०० आहे. हा एवढा एक आकडा नाही, आणि मला सगळ्यात आधी तोच हवा असतो. त्याला पेलोड म्हणतात. तुमच्यासारख्या एफ-१५० वर तो बहुतेक वेळा दीड हजार ते अठराशेच्या दरम्यान निघतो. काचेचं छत, फोर-व्हील ड्राइव्ह, गरम होणाऱ्या सीटा, असं जे जे कारखान्यात चढलं ते त्यातून आधीच वजा झालेलं असतं. आपण १,६४० धरून चालू. तुम्ही तुमचा खरा आकडा घाला.

आता ट्रेलर. ‘रिकामा ५,६००’ हे बाजूला ठेवा, कारण रिकामा ट्रेलर घेऊन कुणी एस्टेस पार्कला जात नाही. त्या वजनात बॅटरी आणि भरलेले प्रोपेनचे सिलिंडर बहुधा धरलेले नसतात. पाण्याचं बघा. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड. मग कुकर, तवा, अंथरुणं, बाहेर मांडायच्या खुर्च्या, आईंनी ‘तिकडे मिळेल न मिळेल’ म्हणून भरलेली डाळ-तांदळाची पिशवी. बाराशे-तेराशे पौंड कधी वाढतात ते कळतसुद्धा नाही. ६,९०० धरा. ट्रॅव्हल ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन बॉलवर यायला हवं. मी १३ च्या आसपास ठेवते. म्हणजे ९०० पौंड. हे टंग वेट. ते तुमच्या पिकअपच्या पाठीवर बसतं, म्हणून पेलोडमधून जातं. हिचचं स्वतःचं लोखंड आणखी १०० पौंड. झाले १,०००. उरले ६४०.

त्या ६४० मध्ये सहा माणसं बसवायची आहेत. तुम्ही १८०, बायको १४०, मुलं ९० आणि ६०, आई १३०, बाबा १६० असं मी अंदाजानं धरलं. बेरीज ७६०. बेडमध्ये कूलर, जनरेटर, शेकोटीची लाकडं ठेवायच्या आधीच १२० पौंड जास्त झाले.

डीलरचा ११,००० चा आकडा खोटा नाही. उत्पादक तो एसएई जे२८०७ या प्रमाणपद्धतीनं काढतात. पण त्या पद्धतीत गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मुलं त्यात नाहीत, आई-बाबा नाहीत, कूलर नाही. इंजिन ओढेल, त्याबद्दल माझी तक्रारच नाही. चाकं, आस आणि स्प्रिंगा किती पेलतील हा प्रश्न वेगळा आहे.

मी वाळवा तालुक्यातली. गळीत हंगामात वडील बैलगाडीनं कारखान्याला ऊस ओढायचे. मोळ्या रचून झाल्या की बैल जुंपायच्या आधी ते पुढे येऊन जू दोन्ही हातांनी उचलून बघायचे. फार जड लागलं तर गाडी धुरजड झाली, सगळा भार बैलांच्या मानेवर येणार. अलगद वर आलं तर उलाळ. म्हणजे ओझं मागे गेलं, चढाला जू वर उचललं जाणार आणि सापत्या बैलांच्या गळ्याला आवळणार. मग चार मोळ्या पुढे घ्यायच्या, दोन मागे सारायच्या, पुन्हा जू उचलून बघायचं. मी सात-आठ वर्षांची असेन, मलाही ते जू धरायला लावायचे. टंग वेट हा शब्द मी इथे कोलोरॅडोत शिकले, पण गोष्ट ती तीच. फरक एवढाच, की आपला ट्रेलर थोडा धुरजडच हवा. उलाळ ट्रेलर रस्त्यावर जीव घेऊ शकतो. त्याचं पुढे सांगते.

आता साध्या बॉल माउंटचं. तुमच्या गाडीचा बॉल मागच्या आसाच्या साधारण ६० इंच मागे येतो, आणि दोन आसांमधलं अंतर १४५ इंच. तरफेचा हिशोब मांडा. बॉलवर ९०० पौंड ठेवले तर मागच्या आसावर सुमारे १,२७० येतात आणि पुढच्या चाकांवरचे ३७० उचलले जातात. मागचं शेपूट खचतं, नाक वर होतं, दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. त्याहून वाईट म्हणजे, ज्या चाकांनी तुम्ही वळता आणि ज्यांच्यावर ब्रेकची बरीचशी मदार असते, तीच हलकी होतात.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या डोक्यातून दोन लांब स्प्रिंग बार मागे ट्रेलरच्या फ्रेमखाली जातात. ते ताणून बसवले की गाडी आणि ट्रेलरमधला सांधा खाली दबायला नकार देतो. शेपूट उचललं जातं, थोडं वजन पुढच्या चाकांवर परत जातं, थोडं ट्रेलरच्या चाकांकडे जातं. गाडीखाली वाकून रिसीव्हरवरचा, म्हणजे हिच ज्या चौकोनी नळीत घुसतो तिच्यावरचा, स्टिकरही वाचा. त्यावर दोन ओळी असतात, नुसत्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्यूशन लावून किती. कितीतरी एफ-१५० वर पहिल्या ओळीत ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि ५०० पौंडांचं टंग वेट एवढंच असतं. तुमच्यावरही तेच निघालं, तर डीलरनं सांगितलेला साधा बॉल माउंट त्या स्टिकरनंच रद्द केला.

तुम्ही म्हणाल, वजन ट्रेलरकडे जातं तर पेलोडचा प्रश्न सुटला की. थोडा सुटतो. तुमच्या हिशोबात शे-सव्वाशे, फार तर दीडशे पौंड मागे जातील. तेवढ्यानं सहा माणसं कशीबशी बसतील, कूलरसुद्धा राहणार नाही, आणि ८०० मैलांहून लांबचा प्रवास काठावर करायचा. मी माझ्या आईला अशा गाडीत बसवणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. हा ट्रेलर, हा पिकअप आणि सहा माणसं, यांतलं एक बदला. पिकअपमध्ये फार तर चौघं बसा आणि बायकोनं आई-बाबांना तिच्या गाडीतून मागून आणावं, किंवा त्यांना विमानानं डेन्व्हरला बोलवा. नाहीतर ट्रेलर ५,५०० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा घ्या. दरवर्षी सहाच जण जाणार असाल तर एफ-२५० च्या वर्गातला पिकअप बघा. चौघं गेलात तर १,००० अधिक ४७० म्हणजे १,४७०, बेडमध्ये ठेवायला १७० पौंड शिल्लक. त्यात निभावतं.

आणि आता, चौघं जाताय असं धरून, हिच.

तुमच्या रस्त्यावर विचिटा फॉल्स सोडलं की यूएस-२८७ वर अमारिलोपर्यंत आणि तिथून पुढे यूएस-८७ वर डलहार्टपर्यंत मोकळं माळरान आहे. झाड नाही की डोंगर नाही. वारा आडवा येतो आणि थांबत नाही. मग न्यू मेक्सिकोतून रॅटन पास, ७,८३४ फूट. तेव्हा ट्रेलरचं डोलणं रोखणारी सोय हिचमध्येच हवी. वेगळी काढघाल करायची फ्रिक्शन पट्टी तुम्हाला नको. पावसात तिची पकड जाते आणि गाडी मागे घेताना ती सोडावी लागते. दमलेला माणूस कॅम्पसाइटवर रात्री ते विसरतो आणि पट्टी वाकते.

मी तुमच्या जागी असते तर इक्वलायझर नावाचा हिच घेतला असता. त्यात स्प्रिंग बार साखळीला टांगलेले नसतात, फ्रेमला बसवलेल्या कंसांवर टेकलेले असतात, आणि त्या घर्षणानंच डोलणं आवरलं जातं. मागे घेताना काही सोडावं लागत नाही. ब्लू ऑक्सचा स्वेप्रो हासुद्धा चांगला, आवाज कमी. त्याचे बार साखळीनं ताणतात. अँडरसन वजनाला हलका आहे, साठ पौंडांच्या आसपास. पेलोड तुटपुंजं असलं की मोह होतो, पण पुढच्या चाकांवर वजन परत ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते. ९०० पौंडांच्या टंगला मी तो सुचवणार नाही. हेन्सली आणि प्रोप्राइड यांची रचनाच निराळी. ट्रेलर जणू मागच्या आसाजवळून वळतो आणि डोलणं मुळातच होत नाही. पण त्यांची किंमत काही हजार डॉलर आणि वजन दीड-दोनशे पौंड. तुमच्या पेलोडमध्ये ते कुठे बसवणार?

इक्वलायझर ६००, १,०००, १,२००, १,४०० पौंड अशा वेगवेगळ्या बारांत मिळतो. इथे लोक नुसतं टंग वेट बघतात आणि चुकतात. मागच्या आसाच्या मागे बेडमध्ये जे ठेवाल ते त्यात मिळवायचं असतं. तुमचे ९०० अधिक टेलगेटजवळचे दीडशे म्हणजे १,०५०. म्हणून १,२०० चे बार. १,४०० चे घेऊ नका. गरजेपेक्षा ताठ बार फ्रेमला हादरे देतात. बॉल २ ५/१६ इंची, आणि त्याचा नट टॉर्क रेंचनंच आवळून घ्या. चारशे फूट-पौंडांच्या वर टॉर्क लागतो, तो हातपान्यानं येत नाही. डीलरकडे हे समोर उभं राहून करून घ्या.

बसवण्याचं काम हिचइतकंच महत्त्वाचं आहे. टेप घेऊन जा. सपाट जागेवर, ट्रेलर न जोडता, पुढच्या चाकाच्या मधोमध जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या आणि मडगार्डवर मास्किंग टेप चिकटवून त्यावरच लिहा. समजा ३७ १/२ इंच आलं. ट्रेलर जोडा, बार न लावता परत मोजा. ३८ १/२ आलं, म्हणजे नाक एक इंच उचललं गेलं. आता बार लावल्यावर ते किती खाली आलं पाहिजे हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. काही गाड्यांना उचललेल्यातलं निम्मं परत यायला हवं असतं, म्हणजे इथे ३८. पूर्ण ३७ १/२ वर आणायचा हट्ट करू नका. पुढे जास्त वजन ढकललं तर मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी मागून सटकते. माप कमी-जास्त करायला हिचच्या डोक्याचा कोन वॉशर घालून-काढून बदलतात आणि फ्रेमवरचे कंस वर-खाली करतात. आणि ट्रेलर जमिनीला समांतर हवा, नाहीतर नाकाशी जरासा खाली. नाक वर करून कधीच नाही.

हे झालं की ट्रेलर भरा, माणसं बसवा, पेट्रोल भरा आणि जवळच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. पंधरा डॉलरच्या आसपास लागतात, आणि फेरवजन त्याहून स्वस्त. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. वजन घेणाऱ्याशी बोलायचं बटण अठराचाकी ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर असतं, पिकअपमधून हात पोचत नाही. उतरून दाबा, किंवा फोनवरचं त्यांचं ॲप वापरा. तीन वेळा वजन करा. बार ताणलेले असताना, बार सोडून, आणि ट्रेलर बाजूला लावून नुसता पिकअप. दुसऱ्या पावतीतल्या पिकअपच्या दोन आसांच्या बेरजेतून तिसऱ्या पावतीतली बेरीज वजा केली की तुमचं खरं टंग वेट. पहिल्या पावतीतली पिकअपची बेरीज दारावरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या आत हवी, आणि प्रत्येक आसाचं वजन त्या त्या आसाच्या मर्यादेच्या आत. त्या पावत्यांचा फोटो मला पाठवलात तर मी बघून देईन.

मी एवढं का लिहितेय ते सांगते. आमचा पहिला ट्रेलर २४ फुटी होता. विक्रेत्यानं हिच वीस मिनिटांत बसवून दिला, टेप काढली नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. मागच्या बंपरवर रॅक लावून चार सायकली टांगल्या, मागच्या टोकाला असलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरली आणि यलोस्टोनला निघालो. वायोमिंगमध्ये आय-८० वर, लॅरमी आणि रॉलिन्सच्या मध्ये एल्क माउंटन आहे, तिथला वारा सगळ्या ट्रकवाल्यांना ठाऊक आहे. मी चालवत होते, वेग ६८. एक मोठा ट्रक डावीकडून पुढे गेला. आधी स्टिअरिंग हलकं लागलं, लोण्यात फिरावं तसं. मग डाव्या आरशात ट्रेलरची अख्खी भिंत दिसली, आणि लगेच उजव्या आरशात. पुन्हा डाव्या. दरवेळी जास्त. मागच्या सीटवर धाकटी म्हणाली, ‘आई, घर हलतंय.’ माझा पाय ब्रेककडे गेला होता. नवऱ्यानं ओरडून सांगितलं, ‘ब्रेक नको!’ आणि हात लांब करून ब्रेक कंट्रोलरची कळ दाबली. ती दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रेलर मागून ताणून धरला जातो. मी स्टिअरिंग सरळ धरलं, गॅसवरून पाय उचलला. सात-आठ सेकंदांत सगळं शांत झालं.

रॉलिन्सला वजन केलं. ५,६०० पौंडांच्या ट्रेलरचं टंग वेट ४१०. म्हणजे ७.३ टक्के. चक्क उलाळ गाडी. मी तिथे ट्रक स्टॉपच्या बाकावर बसून रडले, कारण जू उचलून बघायला मला लहानपणी शिकवलेलं होतं. टाकी रिकामी केली, सायकली पिकअपच्या बेडमध्ये घेतल्या, जड पेट्या ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात हलवल्या. टंग वेट ६८० वर आलं आणि त्याच हिचवर, त्याच वाऱ्यात ट्रेलर सुतासारखा सरळ आला. डोलणं रोखणारा हिच चुकीचं भरलेलं ओझं काही काळ झाकून ठेवतो. एरवी जे चाळीसच्या वेगाला जाणवलं असतं ते तुम्हाला सत्तरला कळतं.

म्हणून कुटुंबातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती ब्रेकची कळ कुठे आहे ते दाखवून ठेवा. बाबा पुढे बसणार असतील तर त्यांनाही.

प्रश्न : टॅकोमा पिकअपला १९ फुटी ट्रेलर जोडतो. मागचा भाग बराच बसतो. एअरबॅग बसवल्या तर वेट डिस्ट्रिब्यूशनची गरज उरेल का?
– एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : उरेल. एअरबॅग शेपूट उचलतात, त्यामुळे गाडी बघायला सरळ दिसते. पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन त्या परत आणत नाहीत, पेलोडही वाढवत नाहीत. दारावरचा स्टिकर तोच राहतो. आधीच बसवल्या असतील तर त्यांत हवा कमीत कमी ठेवून हिच जुळवा, माप घ्या, आणि मगच लागली तर थोडी हवा भरा. उलट क्रमानं केलंत तर टेपचं माप फसवं येईल. आणि तुमच्या राज्यात ट्रेलर जोडलेल्या गाडीला वेगमर्यादा ५५ आहे. ती पाळा. काही एसटी टायर (खास ट्रेलरसाठीचे टायर) ताशी ६५ मैल वेगापर्यंतचेच असतात.

प्रश्न : आमचा हिच वळताना इतका करकरतो की गल्लीतले लोक बघतात. ग्रीस लावू का? शिवाय बार कंसावर चढवताना कंबर धरते. नवरा कामानिमित्त बाहेर असतो, सगळं मलाच करावं लागतं.
– एक वाचक, ब्रॅम्प्टन, ओंटारिओ

उत्तर : बार जिथे हिचच्या डोक्यात शिरतात त्या खोबणीत ग्रीस लावा. बार जिथे कंसावर टेकतात तिथे लावू नका, कारण तुमचा ट्रेलर सरळ ठेवणारं घर्षण तिथेच आहे. ती करकर म्हणजे हिच आपलं काम करतोय. कॅम्पग्राउंडमध्ये शिरायच्या आधी ती जागा कोरड्या फडक्यानं पुसलीत तर मातीची किरकिर थोडी कमी होते.

कंबरेचं मनावर घेतलं. बार हाताच्या जोरानं चढवायचेच नसतात. कपलर (ट्रेलरच्या टोकाची वाटी) बॉलवर बसवून कुलूप लावलं की टंग जॅकनं ट्रेलरचं नाक वर करा. त्याबरोबर गाडीचं शेपूटही वर येतं. चार-सहा इंच उचला, बार एका हातानं सरकतील इतके सैल होतात. काढतानाही तेच. ताणलेला बार लिव्हरनं उचकटायला जाऊ नका. तो सुटला तर हनुवटी फोडतो.

प्रश्न : फिफ्थ व्हील घेतलं तर ही हिचची कटकटच नाही ना? आमच्याकडे सिल्व्हराडो १५०० आहे.
– एक वाचक, फीनिक्स, ॲरिझोना

उत्तर : फिफ्थ व्हील सहसा डोलत नाही, हे खरं. त्याचा सांधा पिकअपच्या बेडमध्ये, मागच्या आसाच्या वर येतो. पण त्याचं पिन वेट, म्हणजे त्या सांध्यावर येणारं वजन, ट्रेलरच्या वजनाच्या २० ते २५ टक्के असतं. १०,००० पौंडांचं घेतलंत तर निदान २,००० पौंड बेडमध्ये, अधिक हिचचं वजन, अधिक तुम्ही सगळे. १५०० च्या स्टिकरवर हे बसणार नाही. २५०० किंवा ३५०० हा मोठा पिकअप घेणार असाल तेव्हा पुन्हा लिहा.

प्रश्न : डीलरनं जोडणं पाच मिनिटांत दाखवलं, निम्मं लक्षात राहिलं नाही. पहिल्यांदा एकटी जोडणार आहे. क्रम सांगाल का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : सांगते, आणि घाई करू नका. कुणी मध्येच बोलायला आलं तर जोडणी थांबवा, ते गेल्यावर पहिल्यापासून तपासा.

ट्रेलरच्या चाकांना अडण्या लावलेल्या आहेत ना, ते आधी बघा. त्या सगळ्यात शेवटी काढायच्या. गाडी मागे घेऊन बॉल कपलरच्या बरोबर खाली आणा, जॅकनं कपलर खाली सोडा, लॅच लावा, त्यात पिन घाला. आता जॅकनं पुन्हा वर उचला. गाडीचं शेपूट सोबत वर आलं तर लॅच बॉलला धरून आहे. कपलर एकटाच वर निघाला तर धरलेलं नाही, आणि हे अंगणात कळलेलं बरं. याच उंचीवर स्प्रिंग बार चढवा, त्यांच्या पिना घाला, मग जॅक पूर्ण वर घ्या. सुरक्षा साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून न्या. उद्या कपलर सुटलाच तर टंग रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडते. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) बारीक तार गाडीच्या वेगळ्या जागी अडकवा, साखळीला किंवा बॉलला नाही. सात पिनांचा प्लग घाला, दिवे बघा. एकट्या असाल तर हॅझर्ड लावून मागे जाऊन या, ब्रेकच्या दिव्यांसाठी शेजारच्या कुणाला उभं करा.

अडण्या काढा. गाडी चालण्याच्या वेगानं पुढे घ्या आणि पायाचा ब्रेक न वापरता कंट्रोलरची कळ हातानं दाबा. मागून कुणीतरी पदर धरून ओढावं तसा ट्रेलर तुम्हाला धरून थांबवेल. तसं जाणवलं नाही तर रस्त्यावर निघू नका. प्लग काढून त्याच्या पिना पुसा, पुन्हा बसवा आणि कळ पुन्हा दाबून बघा.